कारकीर्द कशी वाचावी?

गेल्या वैशाखातली गोष्ट. शाळेला सुटी लागलेली होती. डिंभ्याच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे. तिथला एक शेतकरी बाळहिरडा विकून परतताना वाट वाकडी करून जुन्नरला माझ्या घरी आला. बरोबर त्याची अकरा वर्षांची मुलगी होती, माझी विद्यार्थिनी. तिची आत्या पुण्याला एका मोठ्या वसाहतीत कामाला असते. सुटीत ही मुलगी तिच्याकडे गेली, कुणीतरी टाकून दिलेली रॅकेट तिच्या हाती आली आणि तिथल्या शिक्षकांनी आत्याला सांगितले की ह्या पोरीच्या हाताला उपजत नजर आहे, हिला खेळू द्या. मला त्याचे नवल वाटले नाही. शाळेच्या मागच्या भिंतीवर फळकुटाने चेंडू मारत ती मधली सुटी कशी घालवते, ते मी वर्षभर पाहत आलो होतो.

चहा झाला. मग त्या गृहस्थाने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि विचारले, "गुरुजी, ह्याच्यात पोरीचं पोट भरंल का?"

मी मोठ्या उत्साहाने सानिया मिर्झाचे नाव घेतले. तिचे विजय सांगितले, तिला मिळालेला मान सांगितला, पैसा सांगितला. त्याने शांतपणे सगळे ऐकून घेतले. शेवटी तो म्हणाला, "पण गुरुजी, सानिया एकच झाली ना?" आणि टोपी डोक्यावर ठेवून मुलीला घेऊन तो एस. टी. गाठायला गेला.

त्या दिवसापासून तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेलेला नाही. मी कादंबऱ्या लिहितो, लोकांच्या कादंबऱ्यांवर अधूनमधून चार शब्दही लिहितो. माणसाचे आयुष्य कसे वाचावे, हे मला थोडेबहुत कळते असा माझा समज होता. शिक्षण मॅट्रिकपुरतेच, परंतु वाचन त्यापेक्षा बरेच जास्त. असे असता एका बापाने सरळ विचारलेल्या प्रश्नाला मी वर्तमानपत्री मथळ्याने उत्तर दिले. आज ह्या दिवाळीच्या निमित्ताने वाचकांसमोर मी जे मांडणार आहे, ते त्या उत्तराची दुरुस्ती आहे.

आपल्याकडे खेळाडूंविषयी जे लिहिले जाते त्याला समीक्षा म्हणणे धाडसाचे होईल. ते बहुतांशी कौतुक असते, आणि कौतुकाचे प्रकरणे दोनच: पहिल्यात 'बालपणीची जिद्द' आणि दुसऱ्यात 'सत्कार समारंभ'. मधली पंधरा वर्षे कोठे गेली, ह्याची चौकशी कोणी करीत नाही. अशी कादंबरी माझ्याकडे अभिप्रायासाठी आली असती, तर मधली पाने कुठे हरवली असे मी लेखकाला पहिल्याने विचारले असते. कारण कारकीर्द म्हणजे ती मधली पानेच होत. ती वाचता आली नाहीत, तर पहिले आणि शेवटचे प्रकरण ह्यांना काही अर्थ उरत नाही.

तेव्हा आपण आधी ही मधली पाने कशी तयार झाली ते पाहू.

मराठी मुलुखात टेनिस आणि स्त्री ह्यांची ओळख फार जुनी आहे. पुण्यात जन्मलेल्या पंडिता क्षमा राव ह्या आपल्याला संस्कृत कवयित्री म्हणून माहीत आहेत, 'सत्याग्रहगीता' त्यांचीच. तुकाराम, रामदास आणि ज्ञानेश्वर ह्यांची चरित्रे त्यांनी संस्कृत काव्यात आणली. ह्याच बाई टेनिसही उत्तम खेळत. त्यांची कन्या लीला राव १९३४ साली विम्बल्डनला खेळली आणि तिथे सामना जिंकणारी पहिली भारतीय स्त्री ठरली. पुढे लीलाबाईंनी आईच्या कथांवरून संस्कृत नाटके रचली आणि नृत्यशास्त्रावर लेखन केले. केवढे संपन्न आयुष्य! परंतु नीट पाहिले तर त्या आयुष्यात 'ह्याच्यात पोट भरेल का?' हा प्रश्नच नव्हता. घर सुखवस्तू होते. त्या काळी मोठ्या स्पर्धांत हौशी खेळाडूंनाच प्रवेश असे, आणि हौशी ह्या शब्दाचा खरा अर्थ असा की, खेळाचा खर्च ज्याच्या घरी परवडतो तो. पैसे घेऊन खेळणाऱ्याला त्या अंगणात स्थान नव्हते. वरवर हा नियम मोठा सात्त्विक दिसतो. पण त्याने गरिबाच्या मुलीला दारातच थांबवले होते.

१९६८ साली हे दार उघडले आणि व्यावसायिक खेळाडूंना मोठ्या स्पर्धा खुल्या झाल्या. मात्र दार उघडले तरी पंगत एक नव्हती. पुरुषांच्या पानात जे पडे त्याचा लहानसा हिस्सा बायकांच्या पानात पडे. १९७० साली अमेरिकेत ह्यूस्टन येथे बिली जीन किंग आणि तिच्या आठ सहकारिणी ह्यांनी एकेका डॉलरच्या करारावर सही करून स्वतःचा वेगळा फड उभा केला. १९७३ साली त्यातून स्त्री टेनिसपटूंची संघटना निर्माण झाली आणि त्याच वर्षी अमेरिकन स्पर्धेने दोघांना समान बक्षीस जाहीर केले. विम्बल्डनला हा विचार पटण्यास २००७ साल उजाडावे लागले. म्हणजे बाईने खेळून पोट भरावे, ही गोष्ट साहेबाच्या देशातही काल-परवाची आहे. आमच्या वाडीतल्या बापाने शंका घेतली, तर त्याला मागासलेला म्हणण्याचा अधिकार कोणाला?

मी वर 'फड' हा शब्द वापरला तो काही उगाच नाही. जुन्नर तालुक्यात राहणाऱ्या माणसाला व्यावसायिक टेनिस समजावून घेण्यासाठी परदेशात जाण्याचे कारण नाही. नारायणगावला गेले म्हणजे पुरे. जत्रांच्या हंगामापूर्वी तिथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पंच येतात, घासाघीस होते, सुपारी ठरते. फड रात्री एका गावाला, दुसऱ्या रात्री दुसऱ्या गावाला. मागच्या वर्षी केवढी गर्दी जमवली ह्याला किंमत असते खरी, पण ती एका हंगामापुरती. ह्या वर्षी बारी रंगली नाही, तर पुढल्या वर्षी पंच दुसऱ्या राहुटीत शिरतात.

टेनिसचे गणित नेमके हेच आहे. खेळाडूचे मानांकन गुणांवर ठरते आणि मिळालेले गुण बावन्न आठवड्यांनी गळून पडतात. मागल्या वर्षी ह्याच आठवड्यात जे कमावले, ते ह्या वर्षी पुन्हा कमवा, नाहीतर खाली या. आपण टीव्हीवर पाहतो त्या चार मोठ्या स्पर्धा म्हणजे ह्या डोंगराचा कळस. पायथ्याला आंतरराष्ट्रीय संघटनेच्या लहान स्पर्धांची शिडी असते. तिच्या सर्वांत खालच्या पायरीवर सगळ्या स्पर्धेचे मिळून बक्षीस पंधरा हजार डॉलर. त्यात एकेरी जिंकणारीला साधारण सव्वादोन-अडीच हजार, आणि मुख्य स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत हरणारीला दीडशे डॉलरच्या आसपास. विमानाचे भाडे, राहणे, जेवण, रॅकेटच्या तारा, दुखऱ्या खांद्याचा इलाज आणि बरोबर शिक्षक नेलाच तर त्याचाही खर्च, हे सगळे ह्यातून भागवायचे. संसार करणाऱ्या माझ्या वाचकभगिनींना हा हिशेब अधिक समजावून सांगण्याची गरज नाही. ह्या पायरीवरची बहुतेक मुलगी खेळून कमवीत नसते. खेळण्यासाठी घालवीत असते. हौशी आणि व्यावसायिक ह्यांतला भेद कागदावर मिटला. शिडीच्या खालच्या पायऱ्यांवर तो अजून जसाच्या तसा आहे.

आता ह्या उजेडात एक खरी कारकीर्द वाचून पाहू.

आळेफाट्यावरून संगमनेरच्या वाटेने पुढे गेले की श्रीरामपूर लागते. पूर्वीचा नगर, आताचा अहिल्यानगर जिल्हा. म्हणजे आमचा शेजारच. उसाच्या त्या मुलखात २७ मार्च १९९६ रोजी ऋतुजा भोसले हिचा जन्म झाला. वडील पोलीस खात्यात. म्हणजे घर ना क्षमाबाईंसारखे ऐश्वर्याचे, ना माझ्या विद्यार्थिनीसारखे हिरड्यावर चालणारे. नोकरदार मराठी घर. आपल्यापैकी पुष्कळांचे असते तसे. अशा घरातल्या मुलीने रॅकेट हातात घेतली आणि ती सोडली नाही.

तिच्या आयुष्यातली माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची घटना कोणत्याही मैदानावर घडलेली नाही. मुलींच्या गटातून बाहेर पडल्यावर ती थेट व्यावसायिक शिडीवर न चढता अमेरिकेत टेक्सास ए अँड एम विद्यापीठात गेली. तिथे शिकली आणि विद्यापीठाच्या संघातून खेळली. काही जाणते म्हणतात की, ऐन उमेदीची वर्षे अशी महाविद्यालयात घालवली की खेळाडू मागे पडतो. मला हे मत मान्य नाही. तिकडच्या विद्यापीठांत चांगल्या खेळाडूला शिष्यवृत्ती देण्याची रीत आहे; मैदान, शिक्षक, व्यायाम आणि पदवी ही सारी एकाच छपराखाली लाभतात. ज्या घराला दर महिन्याला परदेशची तिकिटे काढणे झेपत नाही, त्या घरच्या मुलीने खेळ आणि शिक्षण ह्यांपैकी कोणतेही एक न टाकता दोन्ही पुढे नेण्याचा हा मार्ग होय. कादंबरीकाराच्या भाषेत सांगायचे तर नायिकेने इथे घाई केली नाही, आणि म्हणूनच कथानक तुटले नाही.

परत आल्यावर मात्र ती त्याच शिडीवर आली. एकेरीत तिला फार वर जाता आले नाही. चार मोठ्या स्पर्धांपैकी एकीच्याही मुख्य एकेरीत पाऊल न ठेवताच ती २०२३ सालापर्यंत आली. हे लपवण्यात अर्थ नाही. समीक्षकाने ते सांगितलेच पाहिजे. भारताच्या संघातून ती खेळली, दुहेरीत तिने आपले स्थान बनवले. परंतु वर्षानुवर्षे ती अशा गावी खेळत होती, जिथे प्रेक्षकांत ओळखीचा चेहरा नसतो आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात नाव नसते. हीच ती मधली पाने.

मग ३० सप्टेंबर २०२३ चा दिवस आला. चीनमधील हांगझोऊ येथे आशियाई स्पर्धा चालू होत्या. नावाने २०२२ च्या, परंतु वर्षभर लांबलेल्या. मिश्र दुहेरीत ऋतुजाचा जोडीदार रोहन बोपण्णा. उपान्त्य सामना तैवानच्या एका जोडीशी, अंतिम सामना तैवानच्याच दुसऱ्या जोडीशी: लिआंग एन-शुओ आणि हुआंग त्सुंग-हाओ. पहिला डाव भारताच्या जोडीने २-६ असा गमावला. दुसरा ६-३ असा घेतला. मग उरला दहा गुणांचा निर्णायक डाव, आणि तो त्यांनी १०-४ असा जिंकला. आशियाई स्पर्धेत टेनिसचे सुवर्ण मिळवणारी सानियानंतरची ती दुसरी भारतीय स्त्री.

आपल्याकडे त्या दिवशी बोलणे झाले ते बहुधा बोपण्णांच्या वयाविषयी. त्रेचाळीसाव्या वर्षी सुवर्ण, ही गोष्ट खरोखरच थोर आहे. त्यांच्याविषयी मला आदर आहे. परंतु मिश्र दुहेरीचा खेळ ज्यांनी लक्षपूर्वक पाहिला आहे, त्यांना एक गोष्ट ठाऊक असते. प्रतिपक्ष आपला मारा बाईकडे वळवतो. समोरचा पुरुष जोरकस सर्व्हिस करतो ती तिला परतवावी लागते. तिच्या सर्व्हिसवर तो तुटून पडतो. जोडी किती टिकेल हे पुष्कळदा तिच्यावर ठरते. पहिला डाव सहज हातचा गेल्यावर जिने उरलेले दोन काढले, ती कोणाच्या पाठीमागे उभी राहून जिंकली नाही. दहा गुणांच्या डावात चूक सुधारायला वेळ नसतो. तिथे उपयोगी पडते ती आधीच्या दहा वर्षांत, रिकाम्या मैदानांवर, हरता हरता झालेली सवय. सुवर्णपदक त्या एका दिवशी मिळाले. कमावलेले मात्र तिथे नव्हते.

पुण्याच्या मैदानावर वाढलेली आणखी एक कारकीर्द इथे शेजारी ठेवावीशी वाटते. अंकिता रैना ही जन्माने अहमदाबादची, घराणे काश्मिरी. टेनिससाठी ती पुण्याला आली आणि हेमंत बेंद्रे ह्यांच्याकडे शिकली. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत तिला एकेरीत कांस्य मिळाले. २०२० साली ती एकेरीत जगात १६० व्या क्रमांकापर्यंत पोचली. २०२१ साली ऑस्ट्रेलियात दुहेरीचे एक मोठे विजेतेपद तिने मिळवले. एकशेसाठावी! हा आकडा ऐकून आपण ओठ मुरडतो. पण जगातल्या साऱ्या स्त्रियांत एखाद्या विद्येत एकशेसाठावी असणे म्हणजे काय, ह्याचा विचार आपण करतो काय? जगात एकशेसाठावा मराठी कादंबरीकार निघाला असता, तर आम्ही त्याला हत्तीवरून मिरवला असता.

आता सानियाकडे वळतो, कारण चूक मी तिच्याच नावाने केली होती. तिची थोरवी वादातीत आहे. जन्म मुंबईचा, वाढली हैदराबादला. २००५ साली स्त्रियांच्या जागतिक मालिकेतील एकेरीचे विजेतेपद मिळवणारी ती पहिली भारतीय. २००७ साली एकेरीत २७ वी. मनगटाच्या दुखण्याने एकेरी सुटली, तेव्हा ती संपली असे लोक म्हणाले. तिने दुहेरी हेच आपले क्षेत्र केले. तीन मिश्र दुहेरीची आणि मार्टिना हिंगिसच्या साथीने तीन स्त्री-दुहेरीची मोठी विजेतेपदे, आणि एप्रिल २०१५ मध्ये दुहेरीत जगात पहिला क्रमांक. ती खेळत असताना आम्ही तिला काय विचारत होतो? तिच्या परकराची लांबी, तिचा नवरा आणि मूल कधी होणार. २०१६ साली तिचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. असल्या प्रश्नांनी तिला किती छळले, हे सर्वांच्या डोळ्यांदेखत घडलेले आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये मुलगा झाला आणि जानेवारी २०२० मध्ये पुनरागमनाच्या पहिल्याच स्पर्धेत, होबार्टला, तिने दुहेरीचे विजेतेपद पटकावले.

हे वाचताना मला आमच्या नारायणगावच्या विठाबाईंची आठवण होते. भाऊ-बापूंच्या फडात वाढलेल्या ह्या थोर कलावतीची एक हकिकत आमच्याकडे घरोघरी सांगतात. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर उभ्या होत्या; मध्येच आत गेल्या, बाळंत झाल्या, नाळ दगडाने तोडली आणि पुन्हा बोर्डावर जायला निघाल्या. लोक ही गोष्ट अभिमानाने सांगतात. मी पूर्वी तशीच सांगत असे. आता ती सांगताना माझा आवाज खाली येतो. ज्या बाईला त्या रात्री घरी निजण्याची सोय नव्हती, तिच्या धैर्याचे कौतुक करून आपण कोणाला माफ करतो? राष्ट्रपतींच्या हातून सन्मान मिळालेल्या विठाबाई २००२ साली गेल्या. त्यांची अखेरची वर्षे ओढगस्तीत गेली. पुढे त्यांच्या नावाने शासनाचा पुरस्कार सुरू झाला. म्हणजे पुन्हा शेवटचे प्रकरण, सत्काराचे. आणि तेही नायिका गेल्यानंतरचे.

२०२५ साली स्त्री टेनिसपटूंच्या संघटनेने खेळाडूंना पगारी प्रसूतिरजा देण्याची योजना आणली. ठराविक संख्येने मोठ्या स्पर्धा खेळलेल्यांनाच तिचा लाभ. शिडीच्या तळाशी असलेल्या मुलीपर्यंत ती पोचत नाही. तरीही पाऊल पडले, हे मोलाचे आहे. बाईचे शौर्य गाणे सोपे असते. तिला शौर्याची गरज पडणार नाही अशी व्यवस्था करणे कठीण.

तेव्हा, वाचकहो, व्यावसायिक खेळाडूची कारकीर्द वाचताना मी यापुढे तीन गोष्टी पाहीन. ती किती जिंकली ह्याबरोबरच, हरल्यानंतर पुढल्या आठवड्यात खेळायला उभी राहण्याची ऐपत तिला कोणी पुरवली, हे पाहीन. तिच्या खेळाला जी वाट मानवली, ती दुहेरीची असो वा विद्यापीठाची, तिने ती ओळखली की नाही, हे पाहीन. आणि खेळ सुटल्यावर हातात काय उरले, हेही पाहीन. ह्या कसोटीवर ऋतुजा भोसलेची कारकीर्द मला मोठी वाटते. पदकाने तिला शोभा आली, पण ते नसते तरी ती लहान ठरली नसती. हे म्हणण्याचे धाडस आपल्या लिखाणात येईल, तेव्हाच खेळाडूंविषयीची आपली समीक्षा सुरू झाली असे मी समजेन.

राहिला तो वाडीतला बाप. भाऊबीजेला त्याची बहीण पुण्याहून येणार आहे आणि मीही तिकडे एक फेरी मारण्याचे ठरवले आहे. ह्या खेपेस मी त्याला सानियाचे नाव सांगणार नाही. मी सांगेन: "दादा, नुसत्या खेळावर पोट भरेल अशी खात्री मी देत नाही. पुष्कळ जणींचे भरत नाही. पण खेळाच्या बळावर शिकता येते, आणि शिक्षणाच्या बळावर खेळता येते. शेजारच्या श्रीरामपूरच्या एका पोलिसाच्या मुलीने तसे केले आहे. खर्च एकट्याने उचलू नका, तुमच्याने तो होणार नाही. शाळा काय देऊ शकते ते मी पाहतो; पुण्याच्या त्या शिक्षकांना मी स्वतः भेटतो; चार ठिकाणी शब्द टाकतो. दोन वर्षे पाहू. मुलीची शाळा मात्र सुटता कामा नये."

तो काय म्हणेल ते मला माहीत नाही. कदाचित पुन्हा टोपी डोक्यावर ठेवून उठेल. पण ह्या वेळी त्याला निदान खरा हिशेब तरी मिळालेला असेल. आणि सुटी संपून शाळा उघडली म्हणजे मागच्या भिंतीवर चेंडूचा आवाज येतो की नाही, तिकडे माझे कान लागून राहतील.